ऐनवेळचं तिकीट आणि आजींची आगबोट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या होत्या. फराळाचे डबे रिकामे झाले होते आणि पाहुण्यांची वर्दळही थांबली होती. डोंबिवलीच्या एका घरात रविवारी सकाळी पोहे खाता खाता सूनबाईंनी वर्तमानपत्रातली जाहिरात मोठ्यानं वाचली, ''मुंबई-गोवा-मुंबई, समुद्रावर तीन रात्री. भाड्यात तीस टक्के सूट. थोड्याच केबिन शिल्लक.''

''आठ दिवसांवर आलेली सहल!'' तिचे यजमान हसले, ''कुणी जात नसेल म्हणूनच सूट देताहेत.''

कोथिंबीर निवडत बसलेल्या आजींचा हात मात्र थांबला. ''बोट म्हणजे आपली मालवणची बोट का गं?'' त्यांनी विचारलं.

आजी १९७२ साली लग्न होऊन मुंबईला आल्या, त्या आगबोटीनं. मालवणला मोठी बोट खडकांमुळे बाहेरच उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव हेलकावे खात बोटीला टेकायचा आणि खलाशी हात धरून वर ओढून घ्यायचे. ट्रंका, आंब्याच्या करंड्या, रडणारी पोरं, बोट लागल्यामुळे डोळे मिटून पडलेल्या बायका असा सगळा संसार डेकवर पसरलेला असायचा. त्यानंतर बोट बंद झाली, आणि पुढे रेल्वे आली. ''जमेल तोवर एकदा पुन्हा बोटीत बसायचंय,'' असं आजी अधूनमधून म्हणत. पण गुडघ्यांनी साथ सोडायला सुरुवात केल्यापासून ते म्हणणंही कमी झालं होतं.

सूनबाईंनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि हिशेबाची वही उघडली.

सूट का मिळते?

किराणा दुकानात न खपलेला साबण उद्याही विकता येतो. बोटीवरच्या रिकाम्या केबिनचं तसं नसतं. बोटीनं धक्का सोडला की त्या केबिनचं त्या सफरीचं मोल शून्य होतं. बोट भरलेली असो वा अर्धी रिकामी, इंधन तेवढंच जळतं, कर्मचाऱ्यांचे पगार तेवढेच द्यावे लागतात, बंदराचा खर्चही फारसा कमी होत नाही. उलट प्रवासी आत आला, की तो सरबत पितो, फोटो काढून घेतो, दुकानात खरेदी करतो, किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे भरतो. म्हणून केबिन रिकामी नेण्यापेक्षा ती कमी भाड्यात देणं कंपनीला परवडतं.

या सवलतींना एक वेळापत्रकही असतं. परदेशातल्या मोठ्या सफरींसाठी उरलेली सगळी रक्कम भरण्याची मुदत बहुधा निघण्याच्या दोन ते तीन महिने आधी संपते. ज्यांचा बेत फिसकटला, ते या मुदतीपूर्वी आरक्षण रद्द करतात. प्रवासी कंपन्यांनी एकगठ्ठा धरून ठेवलेल्या आणि न खपलेल्या केबिनही याच सुमारास परत येतात. शिल्लक किती आहे ते तेव्हा उघड होतं आणि भाडी खाली येऊ लागतात. आपल्याकडच्या दोन-तीन रात्रींच्या सफरींत हाच खेळ शेवटच्या काही आठवड्यांत रंगतो.

पण हा खेळ नेहमीच प्रवाशाच्या बाजूनं लागत नाही. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना या दिवसांत बोटी आपोआप भरतात. तेव्हा जो थांबतो, त्याला एक तर जास्त पैसे मोजावे लागतात, नाही तर घरी बसावं लागतं. शाळेत जाणारी मुलं असलेल्या कुटुंबांची खरी पंचाईत इथंच होते. मुलं मोकळी असतात तेव्हा सवलत नसते आणि सवलत असते तेव्हा मुलं वर्गात असतात. उरतात त्या फटी अशा: दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आठवडे, जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचे पहिले दिवस, आणि कोणत्याही महिन्यात शुक्रवार-शनिवारऐवजी सोमवारी-मंगळवारी सुटणारी बोट. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे इथल्या सफरींचा मोसम मुख्यतः पाऊस सरल्यापासून मे महिन्यापर्यंतचा.

वहीतला हिशेब

जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि ते एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून काढलेलं असतं. ही गोष्ट सूनबाईंनी दूरध्वनीवर पहिल्याच प्रश्नात विचारून घेतली.

त्यांच्या वहीतला हिशेब कुणालाही आपल्या घरच्या आकड्यांनी करून पाहता येईल. समजा, माणशी मूळ भाडं २४,००० रुपये आहे. तीस टक्के सूट धरली की ते १६,८०० होतं. आई, बाबा, आजी आणि सातवीतली मुलगी अशा चौघांचे ६७,२०० रुपये झाले. पण सूट मिळते ती भाड्यावर. बंदर शुल्क, सेवाशुल्क, कर हे वेगळेच. ते माणशी ६,००० रुपये धरले तर २४,००० रुपये वाढले. एकूण ९१,२०० रुपये. सूट नसती तर याच प्रवासाला १,२०,००० रुपये पडले असते. म्हणजे वाचले २८,८०० रुपये, एकूण खर्चाच्या चोवीस टक्के.

यजमान खूश झाले. पण सूनबाईंनी पान उलटलं.

बऱ्याच बोटींवर एकाच केबिनमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला भाडं कमी असतं. समजा, ते निम्मं आहे. मग तीन-चार महिने आधी चार जणांची केबिन धरली असती, तर दोघांचे ४८,००० आणि दोघांचे २४,००० मिळून ७२,००० रुपये झाले असते. त्यात शुल्क नि करांचे २४,००० मिळवले की ९६,०००. ऐनवेळी मात्र चौघांची केबिन शिल्लक नव्हती. तशा केबिन थोड्याच असतात आणि त्याच सगळ्यांत आधी जातात. आता मिळत होत्या त्या दोघा-दोघांच्या दोन. म्हणजे तीस टक्क्यांच्या त्या ठळक अक्षरांमागे खरी बचत होती ४,८०० रुपयांची!

''एवढ्यासाठी धावपळ कशाला?'' यजमान म्हणाले, ''पुढल्या वर्षी आधीपासून ठरवून जाऊ की.''

''अहो, पुढल्या वर्षी आईंचे गुडघे आजच्याइतके चालतील का?'' सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या. ''आणि चार जणांच्या केबिनमध्ये दोन बर्थ वरचे असतात. आई शिडी चढणार आहेत का? दोन केबिन मिळताहेत, तर एकीत आई आणि छोकरी खालच्या पलंगावर झोपतील. बाथरूम स्वतंत्र. मला तर हेच बरं वाटतं.''

यजमानांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी कपाटातून सगळ्यांची ओळखपत्रं काढून टेबलावर ठेवली.

इथं डोंबिवलीच्या कुटुंबाची एक जमेची बाजू होती. लोकल आणि टॅक्सी केली की बंदर. नागपूर, इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या कुटुंबाला मुंबईपर्यंतचा प्रवासही ऐनवेळीच ठरवावा लागतो. तत्काळचं आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित वर्गांचं सकाळी दहाला आणि इतरांचं अकराला. ते मिळालं नाही तर विमानाचं महागडं तिकीट सगळी बचत गिळून टाकतं. म्हणून लांबच्या मंडळींनी आधी गाडीची खात्री करावी, मग बोटीची.

कोणती केबिन, कुठं?

ऐनवेळच्या सवलतीत पुष्कळदा केबिनचा प्रकार ठरलेला असतो, क्रमांक नसतो. याला 'गॅरंटी केबिन' म्हणतात. खिडकी नसलेली आतली केबिन घेतली असेल, तर निदान तेवढी नक्की मिळते. नशीब असेल तर त्याहून चांगलीही मिळते. पण दोन केबिन शेजारी-शेजारी येतील याची खात्री नसते. लहान मुलं किंवा वृद्ध माणसं बरोबर असतील, तर थोडे जास्त पैसे देऊन क्रमांक ठरवून घ्यावा. सूनबाईंनी तेच केलं. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ दोन केबिन मागितल्या. बोटीला हेलकावे सर्वांत कमी जाणवतात ते तिथंच. वरच्या मजल्यावरची गॅलरीची केबिन दिसायला देखणी, पण ज्यांना बोट लागते त्यांना तीच जास्त झुलवते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कधीकधी केबिन रिकामी असूनही ''तिसरा माणूस घेता येणार नाही'' असं उत्तर मिळतं. त्यात कंपनीचा आडमुठेपणा नसतो. प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक नौकेत जागा राखून ठेवावी लागते. त्या भागातल्या नौकेच्या जागा भरल्या, की केबिनमध्ये पलंग असूनही माणूस वाढवता येत नाही.

कागदपत्रं आणि फसवणूक

देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटीवर भारतीय प्रवाशाला पासपोर्ट लागत नाही, पण सरकारी छायाचित्र ओळखपत्र मूळ प्रतीत हवं. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. घाईत केलेल्या आरक्षणात इथंच चूक होते. माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, हे सगळं ओळखपत्र समोर ठेवूनच लिहावं. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळ आणि गर्भारपणाचे चोवीस आठवडे उलटलेली स्त्री यांना बहुतेक कंपन्या बोटीवर घेत नाहीत. हेही पैसे भरण्यापूर्वी विचारावं.

लक्षद्वीपच्या सफरीला प्रवेश परवाना लागतो. तो सफरीची कंपनी काढून देत असली, तरी त्याला वेळ लागतो. म्हणून तिथं अगदी ऐनवेळी जाणं अवघड. परदेशी सफरींना तर सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि व्हिसा आधी, सवलत नंतर. सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच परतणाऱ्या सफरीत त्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो. तेव्हा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहून घ्यावं. हातात व्हिसा असलेल्या कुटुंबालाच तिथली ऐनवेळची सवलत खऱ्या अर्थानं उपयोगी पडते.

पैसे देताना घाई नको. अनोळखी माणसाचा फोन आला, ''आत्ता भरा, नाही तर केबिन गेली'' असं तो म्हणाला आणि पैसे कुणाच्या खासगी खात्यात मागितले, तर फोन ठेवून द्यावा. आरक्षणाचा क्रमांक घेऊन थेट कंपनीकडे चौकशी करावी. शेवटच्या दिवसांत काढलेलं तिकीट रद्द केलं, तर बहुधा काहीच परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावं. घरात कुणी आजारी असेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी ती महागच.

बोट बदलली, समुद्र तोच

सोमवारी दुपारी चौघं बॅलार्ड पिअरला पोहोचली. आजींना भाऊचा धक्का अपेक्षित होता. कोकणची बोट तिथूनच सुटायची. ''कोकण सेवक'', ''कोकण शक्ती'' ही नावं कोकणातल्या जुन्या पिढीला अजून पाठ आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती वाहतूक थांबली. १९९० च्या दशकात दमानिया कंपनीची वेगवान कॅटमरान मुंबई-गोवा धावली, तीही टिकली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर आली. विजयदुर्गापासून दूर खोल समुद्रात असलेल्या प्रवाळांच्या पठाराला आंग्रिया बँक म्हणतात. ते नाव कान्होजी आंग्र्यांवरून आलेलं आणि तेच बोटीलाही दिलेलं. करोनाच्या साथीनंतर ती सफरही मागे पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली. ही बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली आणि बरीच वर्षं अमेरिकेच्या बाजूला फिरलेली. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीजवळ मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं.

बोटीवर पाऊल ठेवल्यावर लिफ्ट, गालिचे आणि झुंबरं पाहून आजी क्षणभर बावचळल्या. ''ही बोट कसली, हे तर लग्नाचं कार्यालय!'' त्या म्हणाल्या. नात खळखळून हसली.

सुटण्यापूर्वी सगळ्या प्रवाशांना जीवरक्षक जाकीट कसं घालायचं आणि संकटात कुठं जमायचं ते दाखवलं गेलं. काही तरुण मंडळी कंटाळून मोबाइल बघत होती. आजी मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांच्या लहानपणी घरोघरी 'रामदास' बोटीची गोष्ट सांगितली जायची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाल्यानंतर तर जगभर नियम झाला, की ही कवायत बोट निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच झाली पाहिजे. सवलतीच्या तिकिटावर आलेल्या प्रवाशालाही ती चुकवता येत नाही, आणि चुकवूही नये.

संध्याकाळी बोट निघाली. गेट वे ऑफ इंडिया, कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं. डावीकडे खांदेरीचा काळा ठिपका दिसला. शिवाजी महाराजांनी उभारलेला हा जलदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हेही त्याच यादीत आहेत. पण ते सगळे रात्रीच्या अंधारात मागे राहणार होते.

खर्चाची गळती इथंच सुरू होते, हे सूनबाईंनी आधीच हेरलं होतं. जेवण भाड्यात होतं. शीतपेयं, खास उपाहारगृहं, छायाचित्रं, मुलांचे काही खेळ यांचे पैसे वेगळे. त्यांनी मुलीला एक ठरावीक रक्कम सांगितली आणि सगळ्यांचे मोबाइल विमानातल्यासारखे बंद करायला लावले. खोल समुद्रात फोन बोटीच्या उपग्रह जाळ्याला आपोआप जोडला गेला, तर बिल पाहून घाम फुटतो. गोव्यात कंपनीची सहल न घेता आपणच टॅक्सी करायची, हेही ठरलं होतं. मात्र तसं करताना परत येण्याची वेळ दोन तास आधीची धरायची. बोट चुकलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही.

पहाटेचा दिवा

मुंबई ते गोवा हे अंतर दोनशेहून अधिक सागरी मैलांचं. आजींना रात्रभर शांत झोप लागली. बोट अजिबात लागली नाही. पहाटे साडेपाचला त्यांनी नातीला हलवलं, ''चल गं, वर जाऊ.''

डेकवर गार वारा होता. पूर्वेला आभाळ जेमतेम फटफटत होतं. मासेमारीच्या होड्यांचे दिवे पाण्यावर विखुरले होते. किनारा मात्र दिसत नव्हता. खुर्च्या पुसणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं आजींना कठड्याला धरून उभं राहिलेलं पाहिलं आणि त्यांच्या बोलण्यातला हेल ओळखून विचारलं, ''आजये, गाव खंयचा?''

''मालवण,'' आजी म्हणाल्या.

तो वेंगुर्ल्याचा निघाला. दूर, अगदी पाण्याच्या रेषेवर एक दिवा लुकलुकत होता. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, ''तो वेंगुर्ल्याचो दिवो. मालवण आताच मागे पडला.''

आजी त्या दिव्याकडे बघत राहिल्या. मालवण दिसलं नव्हतं. सिंधुदुर्गाचा तटही दिसला नव्हता. पडाव नव्हता, हात धरून ओढणारा खलाशी नव्हता. पण वाऱ्याला वास तोच होता.

''आजी, तू इथूनच आली होतीस?'' नातीनं विचारलं.

''इथूनच. तेव्हा मी वाकून सारखी मागे बघत होते,'' आजी म्हणाल्या. मग त्यांनी पदर घट्ट खांद्याभोवती लपेटून घेतला आणि लग्नानंतरच्या त्या पहिल्या बोटप्रवासाची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली. घरात कुणी ती कधी पुरती ऐकली नव्हती.

थोड्या वेळानं सूनबाई चहाचे पेले घेऊन वर आल्या. मुरगावचं बंदर अजून दोन-अडीच तासांवर होतं. सासूबाईंचं बोलणं ऐकत त्या मुकाट्यानं शेजारी उभ्या राहिल्या.

घरी परतल्यावर त्यांनी वही पुन्हा उघडली. टॅक्सी, सरबतं, नातीनं घेतलेली टोपी, आजींनी मैत्रिणींसाठी घेतलेले काजू, सगळं मांडलं. वाचलेल्या ४,८०० रुपयांतले हजार-बाराशेच उरले होते. त्यांनी बेरजेखाली रेघ ओढली आणि वही मिटून कपाटात ठेवली. बाहेरच्या खोलीत आजी शेजारणीला सांगत होत्या, ''अगं, बोट म्हणजे काय विचारतेस! मालवणवरून आलो, पण रात्रीचे!''